चालत्या प्रोग्रामात घातलेला हात

वडनेरात बातमी पसरायला मोबाईल लागत नाही, नळाला पाणी आलं की पुरे. त्या दिवशी बायांचे गुंड-घागरी भरायच्या आत अख्ख्या गल्लीला कळलं होतं: नंदिनीच्या मशीननं डोमाजीचे हात जाळले.

मशीन नव्हतं ते, प्रोग्राम होता. पण हे नळावर कोण कोणाला समजावणार? डोमाजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, हे खरं होतं. आग हिंगणघाटला सदाशिवरावांच्या जिनिंगमध्ये लागली, हेही खरं. ठिणगी पकडायचं काम ज्या प्रोग्रामकडे होतं तो ऐन वेळी बंद पडला अन् तो मीराबाईच्या नंदिनीनं लिहिला होता, हेही खरंच. तीन खऱ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या की लोकांचं भागतं. चौथी कोणी शोधत बसत नाही.

मीराबाई नळावरून अर्धाच गुंड भरून घरी आली. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून तिनं पोरीला शिकवलं होतं. पोरगी इंजिनिअर झाल्यापासून विहारात ती पुढच्या ओळीत बसायची. कोणी बसवलं नव्हतं, आपसूकच बसायची. नळावर तिला कोणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. डोमाजीची सून तिला पाहून तोंड फिरवून उभी राहिली, एवढंच.

"नंदे," गुंड खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुया हातून काई राहून गेलं का वं?"

"पाहून सांगते आई. पाहिल्याबिगर कसं सांगू?"

"पाह्य बाई. डोमाजीनं तुले खांद्यावर घेऊन नाला पार करून शाळेत नेलतं. मले त्या घरासमोरून जावं वाटून नाई राह्यलं."

जगाला काय म्हणायचं ते म्हणो, ते नंदिनीनं सोसलं असतं. पण आईनं खाली मान घालून गल्लीतून चालावं, हे तिला सोसवणारं नव्हतं. आपली चूक असेल तर तसं तोंडावर सांगायचं, नसेल तर आईची मान परत वर करायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

जिनिंग पाहिलं नसेल त्याला थोडं सांगायला हवं. कापसाच्या ढिगाशी एक जाड पाइप असतो. पंख्याच्या जोरावर तो कापूस ओढतो अन् रेच्यांवर नेऊन टाकतो. रेचा म्हणजे सरकी अन् रुई वेगळी करणारं यंत्र. डोमाजीचं काम त्या पाइपाच्या तोंडाशी कापूस सारायचं. कापसात एखादा खिळा नाहीतर गोटा आला की पाइपात घासून ठिणगी पडते, अन् रुईत ठिणगी गेली की ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून नंदिनीनं पाइपात ठिणगी ओळखणारे सेन्सर बसवून घेतले होते अन् त्यांच्यावर सतत नजर ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता. ठिणगी दिसली की तो पंखा बंद करायचा अन् फवारा सोडायचा. पिकात डुकरं शिरू नयेत म्हणून शेतकरी वावरात जागलीला जातो, तशी ही पाइपातली राखण. म्हणून त्याचं नाव ठेवलं 'जागल'.

हे नाव सुचवलं होतं दिपालीनं. दिपाली म्हणजे सदाशिवरावांची एकुलती एक पोरगी. दोघी वर्ध्याला इंजिनिअरिंगला एका वर्गात अन् होस्टेलला एका खोलीत. सुट्टीत दिपाली वडनेरला यायची, मीराबाईच्या हातचा पातोडीचा रस्सा ओरपायची अन् तिथंच सतरंजीवर लवंडायची. व्यापाऱ्याची पोर आपल्या घरी अशी पाय पसरून झोपते, याचं मीराबाईला केवढं कौतुक! नंदिनी पुण्याची नोकरी सोडून परत आली अन् आसपासच्या दालमिल, जिनिंगची कामं करू लागली, तेव्हा पहिलं काम दिपालीनंच दिलं. दिपाली स्वतः नुकतीच बापाच्या गादीवर बसली होती. तेही भांडून. घराण्यात पोरीनं जिनिंग चालवायची रीत नव्हती, अन् चुलतभाऊ प्रफुल गादीवर डोळा ठेवूनच होता.

उन्हाळ्यात, जिनिंग बंद असताना, दिपाली म्हणाली, "नंदे, तू काय करते ते मले बी शिकव ना. प्रत्येक गोष्टीले तुले फोन लावा लागते. प्रफुल हासते मले."

नंदिनीनं शिकवायला घेतलं. अन् इथं जरा लक्ष द्या, कारण सगळा घोळ पुढं इथूनच झाला.

कॉम्प्युटरमध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात डोकावू शकत नाही. सगळ्यांच्या वर मुखत्यार एकच, ऑपरेटिंग सिस्टीम. दुसऱ्याचं काही पाहायचं तर तिलाच हाक मारावी लागते. लिनक्समध्ये त्या हाकेचं नाव पीट्रेस. 'अमुक प्रोग्राम मला धरून दे' म्हटलं की सिस्टीम त्या चालत्या प्रोग्रामला जागच्या जागी उभा करते. मग त्याच्या पोटातले आकडे पाहा, हवे तर बदला, एकेक पाऊल चालवा, नाहीतर 'जा बाबा' म्हणून सोडून द्या. हाका मारून हे सगळं करवून घेणारा जो दुसरा प्रोग्राम असतो, तो डिबगर.

अन् त्या प्रोग्रामनं नेमक्या एखाद्या जागी यावं अन् थांबावं असं वाटत असेल तर? त्याचीही युक्ती आहे. त्या जागचा मूळ हुकूम असतो, त्यातला एक तुकडा डिबगर सिस्टीमकडून काढून घेतो, स्वतःजवळ जपून ठेवतो अन् तिथं पाचर मारतो. प्रोग्राम चालत चालत आला की पाचरीला अडखळतो. सिस्टीम त्याला झेलते अन् डिबगरला कळवते, घे, आला तुझा माणूस. काम झालं की पाचर उपटायची अन् मूळ तुकडा परत बसवायचा. पाचर तशीच राहिली अन् डिबगर निघून गेला, तर अडखळलेल्याला झेलायला कोणी उरत नाही. तो तिथंच मरतो.

"म्हंजे आपण त्याले थांबोलं, हे त्याले मालूमच नाई पडत?" दिपालीनं विचारलं होतं.

"नाई. आपण चालूनच राह्यलो असं वाटते त्याले."

"कमाल आहे बाप्पा! अन् तेवढ्यात ठिणगी पडली तं?"

"तं पडली. कोणी पाहणारं नाई. म्हणूनच सांगून राह्यली, सीजन चालू झाला का जागलीले हात लावायचा नाई."

"हाव वं माय, समजलं," दिपाली म्हणाली.

तिला समजायला हवंच होतं. जिनिंगमध्ये कामाला लागणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात, चालत्या रेच्यात हात घालायचा नाही. अडकलं तर पट्टा उतरव, रेचा थांबव, मग हात घाल. हे वाक्य दिपालीनं पाळण्यात ऐकलेलं. एखाद्या मजुरानं तसं केलं असतं तर तिनंच त्याला झाडला असता. पण कॉम्प्युटरमध्ये चालतंय तोही रेचाच, हे काही तिच्या मनानं घेतलं नाही.

बाजारात मिळतात ते डिबगर शिकाऊ माणसाला फार अवघड, म्हणून नंदिनीनं स्वतःच एक लहानसा लिहून दिला. धरणं, थांबवणं, पाचर मारणं, आकडा बदलणं, बस. मोठे डिबगर जाताना शहाण्यासारखे आपल्या पाचरा काढून जातात. हा मधेच बंद केला तर काढायचा नाही. शिकवण्यापुरताच तर आहे, म्हणून तिनं तो भाग लिहिलाच नाही. त्याच्या प्रती दोनच होत्या, एक तिच्याकडे अन् एक दिपालीकडे.

लिनक्स असं कोणालाही कोणाचा प्रोग्राम धरू देत नाही, त्याला एक कुलूप असतं. शिकवताना नंदिनीनं ते काढून ठेवलं होतं. लॉगिनही दोघींत एकच. आता कोणी म्हणेल, एवढी शिकलेली पोरगी, सीजनच्या आधी कुलूप परत का नाही लावलं? लावायलाच गेली होती. दिपाली म्हणाली, "राहू दे ना. काई झालं तं मी पाह्यत जाईन, तुले रातबेरात उठून पाह्यची गरज नाई." मैत्रिणीच्या तोंडावर दार लावायचं कसं? नंदिनीला शरम वाटली अन् ते तसंच राहिलं. आपल्याकडे माणसं भिडेपोटी काय काय उघडं ठेवतात, त्याची मोजदादच नाही.

आगीच्या दुसऱ्या दिवशी नंदिनी जिनिंगमध्ये गेली. आवारात जळकी रुई काळी पडून ओली झाली होती अन् नाकात जाऊन बसेल असा वास होता. कॉम्प्युटरच्या खोलीत ती एकटीच बसली. जागल बंद पडली अन् बंद पडल्यावर आपोआप परत सुरू झाली, हे कोणालाही दिसत होतं. विम्याच्या माणसानंही तेवढंच पाहून मान डोलावली होती. पण बंद पडली म्हणजे मेली कशी? प्रोग्रामच्या मरणाच्याही जाती असतात. कोणी दुसऱ्याच्या जागेत पाय टाकतो अन् मरतो, कोणी स्वतःच हात टेकतो, कोणाला बाहेरून मारतात. नंदिनीनं सिस्टीमला विचारलं. सिस्टीमनं उत्तर दिलं: ट्रॅप.

ती थबकलीच. ट्रॅप म्हणजे पाचर. हे मरण कोणाला आपोआप येत नाही. प्रोग्राम कितीही वाईट लिहिला असो, त्याच्या पोटात कोणी पाचर मारल्याशिवाय तो पाचरीला अडखळत नाही. अन् एरवी दर मिनिटाला 'सगळं ठीक' अशी नोंद करणाऱ्या जागलीनं मरायच्या आधी बराच वेळ ती एकदाही केली नव्हती. म्हणजे ती मेली नंतर. त्याआधी कोणी तरी तिला धरून उभी केली होती.

तिनं आपल्या लॅपटॉपवर जागलीची एक प्रत चालवली, आपलाच लहान डिबगर तिला लावला, पाचर मारली अन् डिबगर तडकाफडकी बंद केला. प्रत मेली. हुबेहूब तशीच.

खिडकीतून आवार दिसत होतं. दिपाली तोंडाला ओढणी बांधून मजुरांकडून रुईचे ढीग उपसून घेत होती. तिची नजर खिडकीकडे गेली तशी ती तिथूनच ओरडली, "नंदे, जेवली का वं? डबा आहे माया, खाऊन घे!" नंदिनीनं हात हलवला. नसेल, तिच्या मनानं म्हटलं. दुसरं काही तरी असेल. पण तिला आपलं काम चांगलं येत होतं अन् दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दिपालीला हायवेवरच्या जामला बोलावलं. हिंगणघाटात भिंतींना कान असतात. जामच्या चौकात ट्रकवाल्यांच्या गर्दीत कोणाला कोणाचं पडलेलं नसतं. दोघी एका टपरीच्या मागच्या बाकावर बसल्या. दिपालीनं चहा सांगितला अन् पहिला घोट घ्यायच्या आत नंदिनीनं विचारलं, "दिपे, तू जागलीले हात लावलता?"

"मी? कायले लावू?"

"पाचर तशीच राह्यली होती. मी पाह्यलं."

दिपालीनं ट्रककडे तोंड फिरवलं. मग तिचे डोळे भरून आले. पाठोपाठ हुंदका आला, अन् एकदा सुरू झालं ते थांबेचना.

"ते जागल घडीघडी पंखा बंद करे वं," ती नाक पुसत म्हणाली. "इतलीशी चमक दिसली का बंद. बाहेर गाड्यायची लाइन. प्रफुल सगळ्यायसमोर म्हणे, पोट्टीच्या हातात जिनिंग देल्लं, पाहा आता. मले वाटलं, केवढ्या चमकेवर बंद करायचं तो आकडा मीच वाढवून टाकतो, तुले कायले बोलावू. जिथं ते ठिणगी मोजते तिथंच पाचर मारली. ते येऊन थांबली बी. तेवढ्यात रुईच्या गाठी घेणाऱ्याचा फोन आला, मी उठून बाहीर गेली. म्हटलं दोन मिनिटाचं काम. अन् मंग बोंब झाली... मी पळत आली, काई सुचेना, सारं बंद करून टाकलं."

"अन् तोवर डोमाजीकाका कापूस सारत होता."

"मले मालूम नव्हतं ना नंदे!"

"मले फोन करायला काय झालतं?"

दिपालीनं चहाचा कप बाजूला सारला. नंदिनीला तिचा रागही आला अन् कीवही आली, अन् कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. शेवटी दिपालीनं तिचा हात धरला.

"परवा बाबानं सगळ्यायले बसोलं आहे. मीच सांगतो बाबाले. तू काई बोलू नको. माया तोंडून येऊ दे, येवढं कर मायासाठी. तू आधी बोलली तं प्रफुल म्हणंन, चोर पकडला म्हून कबूल झाली."

"नक्की सांगशील?"

"काकूची शपथ."

मीराबाईची शपथ! नंदिनीनं ती धरून ठेवली. घरी जाऊन आईला तिनं एवढंच सांगितलं, "माया हातून नाई झालं. परवा सगळ्यायले समजंन." मीराबाईनं 'बरं' म्हटलं, पण डोमाजीच्या घरावरून जायचं काही तिनं सुरू केलं नाही.

ठरल्या दिवशी गादीवर सदाशिवराव बसले होते, बाजूला प्रफुल अन् समोरच्या खुर्च्यांवर दोघी मैत्रिणी. सदाशिवराव तसे माणूस चांगले. डोमाजीचा सगळा इलाज त्यांनी स्वतःकडे घेतला होता. त्यांनी चष्मा काढून पोरीकडे पाहिलं.

"दिपू, त्या वक्ती कॉम्प्युटरवर कोण होतं?"

नंदिनी दिपालीकडे वळली. आता ही बोलेल, थोडी रडेल, बाप थोडा चिडेल, अन् संपेल एकदाचं.

"कोणी नाई बाबा," दिपाली म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारभाव सांगावा तसा. "ते आपोआप बंद पडली. प्रोग्राम आहे शेवटी, पडते कधी कधी. पण बाबा, नंदिनी आपलीच आहे. तिनं मुद्दाम थोडी केलं. तिले काई बोलू नका."

नंदिनीला आधी वाटलं आपल्या ऐकण्यात फरक झाला. तिनं दिपालीकडे पाहिलं. दिपाली बापाकडे पाहत होती.

"काकाजी, हे खरं नाई," नंदिनी उठलीच. "दिपालीनं डिबगर लावला होता. पाचर मारून ते फोनवर गेली. परवा जामले मले स्वतः सांगतलं तिनं."

"नंदे!" दिपालीचा चेहरा असा पडला, की कोणालाही तिचीच दया यावी. "काऊन असं बोलून राह्यली तू?"

नंदिनीनं लॅपटॉप उघडला. ट्रॅप दाखवला, सगळं उलगडून सांगितलं. सिस्टीम कशी धरून देते, पाचर कशी मारतात, ती राहिली तर काय होतं. सदाशिवरावांनी मन लावून ऐकलं. अडाणी नव्हते ते. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस.

"म्हंजे तो जो लहान डिबगर म्हणते तू, त्यानंच हे होते?"

"हाव काकाजी."

"अन् तो बनोला कोणं?"

"मी."

"कोणाकोणापाशी आहे?"

"मायापाशी अन् दिपालीपाशी."

"मायापाशी तं नाई आता," दिपाली हळूच म्हणाली. "मी तं उन्हाळ्यातच काढून टाकला होता."

"लॉगिन कोणाचं होतं त्या टाइमले?" प्रफुलनं विचारलं. बहिणीला गादीवरून उठवायला तो कायम टपलेला, पण त्या दिवशी घराण्याच्या बाजूनं बोलत होता.

"दोघींचं एकच आहे," नंदिनी म्हणाली. अन् म्हणता म्हणताच तिला दिसलं की आपल्या हातातला एकेक पुरावा उलटून आपल्याकडेच तोंड करून उभा राहतोय. डिबगर तिचा, पाचर तिची, लॉगिन तिचं. कुलूपही तिनंच काढलेलं. घरी बसून वडनेरहूनही तिला जागलीत शिरता यायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

सदाशिवरावांनी चष्मा परत लावला. "देख बेटा, चूक होते. मी रागावून नाई राह्यलो. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये. अन् तेही अशा मैत्रिणीच्या, जी इथंबी तुयीच बाजू घेऊन राह्यली."

नंदिनी दारापर्यंत गेली तेव्हा दिपाली तिच्या मागं आली. इतक्या हळू बोलली, की गादीवर ऐकू जाऊ नये.

"मले घरात बसोतील नंदे. कायमचं. तुले तं पुण्यात कोणीबी नोकरी देईन."

"अन् माया आईले?"

दिपालीनं डोळे पुसले. "मी पाह्यतो ना काकूचं. तू फिकर नको करू."

नंदिनी तिथून दवाखान्यात गेली. डोमाजी औषधाच्या गुंगीत होता. दोन्ही हात पट्ट्यांत जाड झालेले, छातीवर ठेवलेले. त्याच्या बायकोनं तिला दारातच अडवलं. शिवी दिली नाही, नुसती दारात आडवी उभी राहिली. नंदिनी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली, कशासाठी ते तिचं तिलाच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर ती घरी जायला घाबरत होती. आईला काय सांगायचं? परवा सगळ्यांना कळेल, असं आपणच म्हटलं होतं. पण मग तिच्या मनात आलं, जगानं नाही मानलं तरी आई मानेल. आईला पीट्रेस कळायची गरज नाही, पाचर कळायची गरज नाही. आईला पोरगी कळते. एवढं तिला पुरणार होतं. ती उठली अन् उन्हं कलता कलता वडनेरच्या बसमध्ये बसली.

मीराबाई दारातच कप-बशी विसळत होती, पाहुण्यांसाठी फळीवर ठेवायची ती फुलांची. अन् तिचा चेहरा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता.

"आली का बाई? ये. झालं बापा सारं ठीक."

"काय झालं?"

"दिपाली येऊन गेली ना! आताच गेली, गाडी नाई का दिसली तुले रस्त्यात? सारं सांगतलं तिनं मले."

नंदिनीच्या छातीवरचा धोंडा हलला. म्हणजे बापासमोर धीर झाला नाही, पण आईपाशी आली. शपथ घेतली होती, ती पाळली. नंदिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय सांगतलं तिनं, आई?"

"रडत होती वं पोर. म्हणे काकू, नंदिनीले काई बोलू नका. चूक कोणाच्याई हातून होते, आम्ही तिले माफ केलं. तिथंच नाई थांबली, डोमाजीच्या घरी गेली मायासंगं. सुनेले म्हणे, नंदिनीवर राग धरू नका, ते माई बहीण आहे. सारी गल्ली जमली होती. सुनेनं माया हात धरला वं नंदे! किती दिसानं त्या घरात पाय ठेवला मी. केवढ्या मनाची पोर आहे ते!"

नंदिनी उंबऱ्यावर बसली.

"आई, जागल तिनं थांबोली होती. तिच्या हातून झालं ते सारं. मी नाई केलं."

मीराबाईचा विसळता हात थांबला. तिनं आधी गल्लीत कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"असं नको बोलू बाई."

"खरं सांगून राह्यली मी."

"मालकाची पोर आहे ते. तिले कायची कमी? ते कायले खोटं बोलंन?" मीराबाई अगदी मायेनं, समजूत घालावी तसं म्हणाली. "खोटं तं आपल्यासारख्याले बोला लागते."

नंदिनीनं वर पाहिलं. आईच्या तोंडावर राग नव्हता, शंकाही नव्हती. तिनं पोरीलाही माफ करून टाकलं होतं.

"ऊठ, हात-पाय धू अन् जेव," मीराबाई कप पदरानं पुसत म्हणाली. "अन् उद्या तिले फोन करजो. थँक्यू म्हणजो."